पन्नास मिनिटांची गोळी

आमच्या लॅबमध्ये सगळं लिहून ठेवावं लागतं. बाटली कोणी उघडली, वजन कोणी केलं, पाणी किती वाजता घेतलं, सगळं निळ्या शाईत, सही-तारखेसकट. लिहायचे राहतात ते फक्त किस्से! ते मग हात धुताना, चहाला, कंपनीच्या बसमध्ये साठत जातात. आता इतके झालेत की त्यांना वेगळं कपाट लागेल.

आमची कंपनी बारामतीच्या एमआयडीसीत औषधाच्या गोळ्या बनवते. गोळीत काय आहे, किती आहे आणि नको ते काही आहे का, हे बघायचं काम आमच्या लॅबचं. त्यासाठी क्रोमॅटोग्राफीचं मशीन. वीतभर स्टीलची नळी, आत मैद्याहून बारीक पूड गच्च भरलेली. गोळी विरघळवायची आणि पंपानं त्या नळीतून रेटायची. प्रत्येक पदार्थ त्या पुडीला कमी-जास्त चिकटतो, म्हणून प्रत्येक जण आपापल्या वेळेला बाहेर पडतो. जो बाहेर पडतो त्याची स्क्रीनवर टेकडी उठते. बस्स, एवढंच! आणि एवढ्याला मी अजून रोज थक्क होते.

पण एक गोष्ट मला सहन होत नव्हती. ब्लडप्रेशरच्या आमच्या एका गोळीला ही तपासणी करायला पन्नास मिनिटं लागायची. एका वेळेला पन्नास! मी एम.एस्सी. करून जळोचीहून स्कूटीवर पहिल्या दिवशी आले, तेव्हाच साहेबांना म्हणाले, "सर, हे बारा मिनिटांत होईल."

साहेब हसले. "करून दाखव. जमलं तर तपासणीच्या नव्या मेथडवर तुझं नाव."

कंपनीच्या कागदावर माझं नाव! त्या दिवसापासून मी दुसरा विचार केला नाही.

* * *

लॅबच्या सीनियर लताताई. कोऱ्हाळे बुद्रुकहून येतात. मशीनं जितकी जुनी, त्याहून ताई जुन्या.

माझ्या पहिल्याच आठवड्यात ताई मशीनकडे पाठ करून रजिस्टर लिहीत होत्या. मी मशीनसमोर. स्क्रीनवर प्रेशर अगदी छान, रेघ सरळ.

ताई मान न वळवता म्हणाल्या, "अश्विनी, पंप थांबव. आत हवा गेली."

"नाही ताई, प्रेशर ओके आहे."

"थांबव गं!"

मी म्हणणार होते की आकडे बघा ना. तेवढ्यात आकडा धाडकन खाली आला. बाटलीतली नळी वर राहिली होती, पंप हवा ओढत होता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्याचा ठेका चुकला," ताई म्हणाल्या आणि रजिस्टरचं पान उलटलं.

लाखोंचं मशीन, त्याचा सेन्सर, त्याचं सॉफ्टवेअर. आणि ह्या सगळ्यांच्या आधी लताताईंचा कान!

* * *

सचिन वालचंदनगरचा. माझ्याबरोबरच लागलेला. त्याच्या ब्लँकमध्ये, म्हणजे गोळी न घालता नुसतं द्रावण सोडतो त्यात, दर सोमवारी एक टेकडी यायची. नुसत्या द्रावणात टेकडी! मंगळवारी गायब.

तीन सोमवार आम्ही वेड्यासारखे शोधत होतो. पाणी बदललं. बाटल्या बदलल्या. नळी बदलली. मी तर म्हणाले, मशीनच बदला.

चौथ्या सोमवारी लताताई सचिनच्या शेजारून गेल्या, थांबल्या, परत आल्या.

"सचिन, रविवारी काय करतोस रे?"

"कबड्डी, ताई."

"आणि सोमवारी सकाळी खांद्याला काय चोळतोस?"

सचिननं खाली बघितलं. "...बाम."

हात साबणानं धुतलेले, वर हातमोजे. पण मोजे चढवताना बोटांवरचा जरासा अंश मोज्याच्या बाहेरच्या बाजूला लागला, तिथून बाटलीच्या तोंडाला. तेवढाही मशीननं बघितला! चौकशीच्या फॉर्मवर 'मूळ कारण' असा रकाना असतो. त्यात सचिननं प्रामाणिकपणे लिहिलं, 'कबड्डी'.

क्वालिटीवाल्यांनी फॉर्म परत पाठवला. शेरा होता, "कृपया सविस्तर लिहावे. कोणती टीम?"

* * *

वर्षातून एकदा घरच्यांना कंपनी बघायला बोलावतात. लताताईंचे सासरे आबा आले, पांढरा सदरा, वर आम्ही दिलेला निळा एप्रन, डोक्यावर टोपी आणि टोपीवर आमची जाळीची टोपी! आयुष्य ऊस लावण्यात गेलेलं.

तोवर माझी मेथड पन्नासवरून वीस मिनिटांवर आली होती. मी जोरात होते. आबांना स्क्रीनसमोर बसवलं आणि सगळं समजावलं. ही मोठी टेकडी औषधाची. ही बारकी दिसते का? हजारात एक भाग सुद्धा नाही, पण नको असलेली वस्तू आहे. ती ठरलेल्या मापाच्या वर गेली तर सगळा माल थांबतो.

"सगळा?"

"सगळा, आबा."

आबांनी वाकून त्या बारक्या टेकडीकडे बघितलं. मग म्हणाले, "एका गोळीत एवढं बघता व्हय? कारखान्यावर आमची अख्खी ट्रॉली रिकामी व्हायची, पर उसात काय हाय हे मला असं खुर्चीत बसवून कुणी दावलं न्हाय."

मग माझ्याकडे वळून, "पोरी, ही माझीच गोळी हाय का?"

आबा ब्लडप्रेशरची गोळी घेतात. तीच होती!

* * *

त्याच दिवशी सचिनचे वडील तात्या आले होते. वालचंदनगरला सगळी नोकरी लेथवर. माणसाच्या उंचीचे गिअर कातलेले हात.

आमच्याकडे तेव्हा एका मशीनला गळती होती. नळीच्या तोंडाशी प्लॅस्टिकचा चिंचोक्याएवढा नट. आम्ही आवळायचो, दुसऱ्या दिवशी परत थेंब. पुन्हा आवळायचो. पान्याला पाना लावून सचिन आवळायचा.

तात्यांनी चष्मा वर केला, नटाकडे बघितलं आणि पोराकडे बघितलं.

"ह्याला पाना कुणी लावला?"

"मी, तात्या."

"ह्याच्या कडंला खाचा कशाला हायत? बोटाला धरायला. हा बोटाचा नट हाय. तू आवळतूस, त्यो आतनं चिरतुय, आन् मग गळतुय. तुमीच त्याला गळवताय!"

नवा नट आणला. तात्यांनी सांगितल्याप्रमाणे सचिननं दोन बोटांनी बसवला. गळती बंद.

नंतर मी त्या नटाचं माहितीपत्रक शोधून काढलं. पहिल्याच ओळीत होतं, फक्त हातानं आवळावे. आम्ही तिघं पदवीधर, एकानंही उघडलं नव्हतं. तात्या जाता जाता सचिनला म्हणाले, "मोठ्या मशिनीला जोर लागतो. बारकीला अक्कल."

* * *

आता शेवटचा.

माझी मेथड बारा मिनिटांवर आली! सात महिने लागले. औषध मुद्दाम बिघडवायला आम्लात टाकून बघितलं, क्षारात टाकून, तापवून, उन्हात ठेवून. सगळ्यात टेकड्या सुट्या सुट्या, देखण्या. साहेब खूश. शनिवारी सही करणार होते. पहिल्या पानावर माझं नाव टाइप करून झालं होतं.

शुक्रवारी सकाळी लताताई म्हणाल्या, "मुरलेली गोळी लावलीस का?"

आमच्याकडे एक दमट, गरम कपाट आहे. त्यात गोळ्या महिनोन् महिने ठेवतात, जुनी झाल्यावर गोळी कशी वागेल ते बघायला. ती नव्हती लावली.

"लावते की. बारा मिनिटांचं तर काम."

लावली. एकच टेकडी, ऐटीत उभी. मी ताईंकडे बघितलं. ताई म्हणाल्या, "हीच आता जुन्या मेथडवर लाव. आणि बस इथं. पन्नास मिनिटं, न उठता."

मी बसले. पाय हलवत, घड्याळ बघत. अडतिसाव्या मिनिटाला मोठी टेकडी उठली आणि उतरायला लागली. उतरता उतरता, पार खाली यायच्या आधी, तिच्या कडेला आणखी एक उठली. बारकी. ठरलेल्या मापाच्या वर.

माझ्या बारा मिनिटांत ती मोठीच्या पोटात लपली होती. माझ्या मेथडनं ही गोळी पास केली असती.

लॅबमध्ये आम्ही दोघीच होतो. ताईंनी प्रिंट काढला, माझ्यासमोर ठेवला आणि हात धुवायला गेल्या. आल्याच नाहीत लवकर.

मी प्रिंट घेऊन साहेबांकडे गेले. माझ्या नावाच्या पानावर एक आडवी रेघ मारली, सही केली, तारीख टाकली.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "म्हणजे परत पन्नास?"

"परत पन्नास, सर."

दारात लताताई उभ्या होत्या. म्हणाल्या, "पन्नासला पण दोन्ही टेकड्या चिकटूनच आहेत, सर. मधे पाय ठेवायला जागा नाही. द्रावण जरा बदलू, वेळही वाढवू. पंचावन्न करू द्या हिला."

साहेबांनी कपाळाला हात लावला आणि हो म्हणाले.

सोमवारी आम्ही तीच गोळी पंचावन्न मिनिटांवर लावली. सचिनही येऊन उभा राहिला. या वेळी माझा पाय हलत नव्हता. दोन्ही टेकड्या सुट्या झाल्या, मधे स्वच्छ सपाट जमीन. सचिननं टाळी वाजवली. ताईंनी डबा काढला. पन्नास मिनिटं झाली. जुनी मेथड इथंच थांबायची, इतकी वर्षं.

त्रेपन्नाव्या मिनिटाला रेघ पुन्हा उठली, तिसरी टेकडी.

आम्ही तिघं स्क्रीनकडे बघत राहिलो.

ताईंनी उघडलेला डबा बंद केला, खुर्ची पुढे ओढली आणि म्हणाल्या, "सत्तर लाव."