गळ्यापर्यंत टाकी

भुताखेताच्या गप्पा निघाल्या की उठून जाणारा माणूस मी. मेकॅनिकलचा डिप्लोमा, मौद्याला नोकरी... कुठे काही टपकलं तर सील गेलं असणार, एवढीच माझी श्रद्धा. त्यामुळे हे लिहिताना माझं मलाच ओशाळल्यासारखं होतंय. पण घडलं ते घडलं.

माझ्याकडे एक जुनी डिझेल गाडी आहे. तिच्या टाकीवरचं रबर पॅकिंग कडक झालंय. पंपावर ऑटो कट झाला की थांबायचं, मग काही त्रास नाही. त्याच्या वर भरलं की मागच्या चाकाजवळ टपटप सुरू आणि घरभर वास.

आणि बाबा नेमके वरच भरायचे! आम्ही मूळचे उमरेडचे, विणकर. बाबांचा जन्म मात्र गांधीबागेत कापडाच्या दुकानात गेला. महिन्यातून एकदा उमरेडला जायला ते माझी गाडी न्यायचे आणि परत करताना टाकी फुल. गाडी हलवून हलवून, फेस बसवून, पार गळ्यापर्यंत. कारण काय, तर शेजारणीची वाटी आपण रिकामी परत देतो का? चिमूटभर साखर तरी घालतोच ना. गाडीलाही तोच नियम.

एकदा नव्या फरशीवर डिझेलचं तळं साचलं आणि माझं डोकं फिरलं.

"बाबा, किती डाव सांगू तुमाले! एक थेंब टाकू नका. जशी नेता तशी आणून द्या!"

"काहून ओरडून राहिला गा? रिकामं भांडं परत देऊ काय तुले?"

"हो, रिकामंच द्या!"

पुढच्या महिन्यात त्यांनी गाडी आणून लावली, किल्ली टेबलावर ठेवली आणि चहा न घेता निघून गेले. पाहिलं तर रिझर्व्हचा दिवा लागलेला. आठ दिवसांनी बाबा झोपेतच गेले.

आयुष्यभर कोणाला रिकामं भांडं न देणाऱ्या माणसाला मी ते द्यायला लावलं... वर्षभर हेच मला खात होतं. कोणाजवळ बोललो नाही. गाडीला हात लावला नाही, बॅटरीसुद्धा काढून ठेवली.

वर्षश्राद्धाच्या दिवशी सकाळी नऊचा सुमार. हुडकेश्वरला आमच्याच घरी. आई आता आमच्याकडेच असते, ती अंगणातून ओरडली, "अरे, डिझेलचा वास येऊन राहिला!"

मागच्या चाकाजवळ फरशी ओली होती. टपटप चालू. आमचे नेहमीचे मेकॅनिक नरूभाऊ आले, गाडीखाली वाकले.

"भाऊ, टाकी गळ्यापर्यंत भरून आहे. कोणं भरली?"

मी हसलोच — रिझर्व्हवर उभी केलेली गाडी! त्यांनी पाइप लावून डिझेल काढलं. वीस लिटरचे दोन डबे भरले.

मी सगळ्या शक्यता तपासल्या. टाकीच्या झाकणाला कुलूप, किल्ली माझ्या कपाटात. गाडी पंपावर न्यावी तर बॅटरी नाही, चारही टायर बसलेले. टाकी आधीपासूनच भरलेली म्हणावी, तर वर्षभर एक थेंब का गळला नाही?

आई पायरीवर बसून होती. म्हणाली, "त्यायले चैन पडलं नसन. तुले रिकामी देल्ली होती ना गाडी."

त्या भांडणाचं मी तिला सांगितलं नव्हतं. बाबांनी सांगितलं असेल, तेवढं मला समजतं. डिझेलचं अजूनही समजत नाही.

गाडी मी विकली नाही. नरूभाऊ अधूनमधून पॅकिंग बदलायचं म्हणतात, मी टाळतो. त्या सकाळी नव्या फरशीवर डाग पसरत होता आणि बायको फडकं घेऊन आली. मी तिला थांबवलं. चाकाजवळ उकिडवा बसलो, खूप रडलो आणि एवढंच म्हणालो, "बाबा, मिळाली गाडी."