सुंदरी आज्जींच्या डब्यातल्या गोळ्या

संयोगिता साळुंखे कोरेगावची लेक आणि सांगलीजवळच्या एका खेड्याची सून. गेली नऊ वर्षं ती तिथं आशाताई आहे. तिचं चालणं असं, की गल्लीतली कुत्रीसुद्धा आधीच बाजूला होतात.

बीपीच्या औषधाच्या मोठ्या अभ्यासात तिचं गाव निवडलं गेलं, तेव्हा तिनं घरी पुरणपोळी केली. जैन मंदिराच्या गल्लीतली अकरा घरं तिच्या वाट्याला आली. दर आठवड्याला सकाळी जायचं, दंडाला पट्टा बांधायचा, आकडा लिहायचा, रिकामी पाकिटं मोजायची. गोळी एकच, रात्री नऊची. दोन महिन्यांत बाकीच्या गावांचे आकडे उतरले. हिच्या गल्लीत मात्र १७०, १६८, पुन्हा १७०. पाकिटं रिकामी आणि बीपी जिथल्या तिथं!

सांगलीच्या विश्रामबागेतल्या कचेरीतून, अभ्यास चालवणाऱ्या डॉक्टर ऋषिराजांचा फोन आला. "ताई, खरं सांगा, आकडे घरी बसून भरता का? सोमवारी बैठक आहे. तुमचं गाव अभ्यासातून वगळावं लागेल."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ वर्षांत एक लस चुकवली नव्हती तिनं, आणि आता खोटारडी? तशीच मशीन घेऊन ती भर संध्याकाळी अकरांतल्या पहिल्याच घरी, सुंदरी आज्जींच्या दारात उभी राहिली. त्या वेळेला ती कधी जात नसे.

ऊन अजून उसाच्या शेंड्यावर होतं. आज्जी आणि त्यांचे मालक रामगोंडा आण्णा यांचं जेवण मात्र उरकलं होतं. आज्जींनी चूळ भरली आणि तांब्या पालथा घातला.

"बस पोरी. तुला च्या टाकती. आमी न्हाई घ्येणार. आता पाण्याचा थेंबबी उद्या दिवस उगवल्यावरच."

"मग रात्री नऊची गोळी कशी घेता, आज्जी?"

आज्जींनी आण्णांकडं पाहिलं. आण्णांनी छताकडं पाहिलं. शेवटी आज्जी आत जाऊन बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. झाकण उघडलं, तर आत गोळ्याच गोळ्या.

"तू उन्हातानाची येतीस, पाकिटं मोजतीस. भरल्याली दिसली तर तुला वाईट वाटंल, म्हणून रोज एक फोडून ठेवत हुतो. व्रत मोडायचं न्हाई, आन् तुझं मनबी मोडायचं न्हाई."

संयोगितानं कपाळावर हात मारून घेतला. या गल्लीतली कितीतरी लग्नं तिनं दिवसाउजेडी जेवली होती! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

"मग साठल्याल्या आता एकदम खाऊ काय गं?" आण्णांनी विचारलं. तिनं डबा झडप घालून काढून घेतला आणि पुढच्या घराकडं धावत सुटली. दिवस मावळेपर्यंत तिच्या पिशवीत अकरांपैकी नऊ घरांचे डबे खुळखुळत होते. आनंदानं तिला नाचावंसं वाटत होतं.

सोमवारी बैठकीत तिनं नऊच्या नऊ डबे टेबलावर मांडले. डॉक्टरांनी एक उघडला, दुसरा उघडला आणि तिसऱ्याला ते खाली बसले. एवढी शिकलीसवरली माणसं, पण तुम्ही जेवता कधी, हे कुणीच विचारलं नव्हतं. गोळी दिवस असतानाच, जेवणाबरोबर द्यायची ठरली.

"गाव ठेवायचं की नाही, ते महिन्यानं बघू," डॉक्टर म्हणाले. "आकडे मी स्वतः घेणार."

महिन्यानं ते खरंच आले. आज्जींच्या दंडाला त्यांनीच पट्टा बांधला. मशीन घुरघुरलं. संयोगिताचा जीव टांगणीला लागला होता. आकडा आला, १३२. डॉक्टरांनी पाच मिनिटं थांबून पुन्हा घेतला. १३०.

"गाव राहतंय," ते म्हणाले. मग तिच्याकडं वळून, "ताई, मी तुम्हाला खोटं ठरवलं."

आज्जींनी दंडावरचा पट्टा सोडला आणि डॉक्टरांच्या हातात दिला.

"तिचा आकडा पयल्यापास्नं खराच हुता, डाक्टर. खोटी आमची पाकिटं हुती."