मेहुण्याला आणायला दोन गाड्या

सिंगापूरहून येणाऱ्या मेहुण्याला तिरुचीच्या विमानतळावरून दर वेळी माझा साडूच तंजावूरला आणतो, आणि सासरी आठवडाभर त्याचंच कौतुक चालतं. यंदा मी जळफळून टॅक्सी ठरवली. आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत देवनागरी कुणाला वाचता येत नाही, मी मात्र हौसेनं शिकलोय. तेच मिरवायला मेहुण्याचं नाव देवनागरीत लिहिलेली भलीमोठी पाटी तोंडासमोर धरून दाराशी उभा राहिलो. मेहुणा पाटीकडे बघत सरळ पुढे गेला. मी पाटी खाली घेतली, तेव्हा साडू त्याची बॅग आपल्या गाडीत ठेवत होता.

"अय्यो भावजी, पाटीमागं तुम्ही होता?" मेहुणा हसला. "या की, मागं जागा आहे."

"माझी टॅक्सी आहे," मी म्हणालो, आणि तंजावूरपर्यंत त्यांच्यामागून एकटाच आलो.