तूर पारखणारी दाढ

माझ्या उजव्या दाढेचं रूट कॅनल होऊन बरीच वर्षं झाली. "आता जन्मभर काळजी नाही," असं डॉक्टर म्हणाले होते. त्यानंतर कॅप दोनदा निघाली, हिरडी कितीदा सुजली, आतलं सगळं पुन्हा उकरून झालं. डॉक्टर दरवेळी हसतमुख. त्या हसण्याचा राग मी अजून सोडलेला नाही.

नांदुऱ्यात माझं धान्यखरेदीचं दुकान आहे. हमाली करत करत उभं केलेलं. ओल मोजायचं मशीन आहे, पण शेतकरी म्हणतात, "तुमचं मशीन तुमच्याच बाजूनं बोलते." त्यांचा भरवसा दाढेवर. पोत्यातला तुरीचा दाणा दाढेखाली धरायचा. कट्ट फुटला तर माल वाळलेला, दबला तर ओला आणि भाव खाली. माझ्या उजव्या दाढेशी कोणी हुज्जत घालत नसे.

ती बिघडल्यावर डावीकडून फोडावं लागायचं, आणि डावीकडचं मला नीट कळत नसे. पण भाव करताना शंका दाखवून कसं चालेल?

मागच्या हंगामात एका जुन्या शेतकऱ्याच्या तुरीला मी ओली म्हटलं. तो भडकला. "शेठ, दाढ तुमची बिघडली, अन् ओल माह्या तुरीत काऊन?"

दुकानातले सगळे हसले. माझं डोकं फिरलं. "नाही पटत तर घेऊन जाय बे!"

तो पोती उचलू लागला. तो गेला तर त्याच्यामागे त्याचं सगळं गाव जाणार, हे ओरडतानाच मला कळत होतं.

गल्ल्यावर बसलेली बायको उठली. तिनं एक दाणा तोंडात टाकला. कट्ट.

"वाळलेली हाय."

"तुले काय कळते त्यातलं?"

"लग्न झाल्यापासून तुमच्या घरचे फुटाणे खाऊन राह्यली मी. एक दाढ हालली नाही माही."

"वहिनी म्हणतीन ते मंजूर!" शेतकऱ्यानं पोतं खाली ठेवलं. मला पूर्ण भाव द्यावा लागला.

तेव्हापासून दाणा तीच फोडते. माझ्या बाजूनं तसूभरही खोटं बोलत नाही, याची माझी कुरकुर चालूच असते. पण माल पूर्वीपेक्षा जास्त येतो. परवा तिनं एकाची तूर ओली म्हणून परत पाठवली. माझ्याशी तो तासभर भांडला असता. तिच्यापुढे मात्र पोती उचलून निमूट निघून गेला. वाळवून घेऊन आला आणि भावासाठी माझ्याकडे वळला. मग मी त्याला पोटभर घासाघीस करून दाखवली.