वरातीच्या गाडीचे दरवाजे

नोकरीत मी शेकडो गुन्ह्यांचा तपास केला. बहुतेक विसरलो. एक मात्र विसरता येत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. चोरीला गेले होते एका जुन्या मोटारीचे दोन दरवाजे.

तेव्हा मी जालना जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जुन्या गाड्यांचा मला नाद. एका कापूस व्यापाऱ्याच्या गोदामात धूळ खात पडलेली, गोल पाठीची एक मोटार मी मिळवली होती. इंजिन ठीक होतं, पण पत्र्याची चाळण झालेली. पुढच्या दोन्ही दरवाजांचे खालचे काठ बोटाने दाबले तरी पापडासारखे मोडायचे. मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरात याच गाडीतून निघणार, असं मी सगळ्या नातेवाइकांना सांगून बसलो होतो.

वडीगोद्रीला हमरस्त्याच्या कडेला एका डेंटरचं शेड होतं. पत्र्याच्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. त्याने गाडीभोवती दोन चकरा मारल्या, दरवाजे ठोकून आवाज ऐकला आणि म्हणाला, "साहेब, खालचा गंज कापून जोड देऊ का? न्हाईतर पूर्ण नवीन पत्रा ठोकून दरवाजे बनवतो. महिना लागंल, पण बराबर बनतील."

"जोड नको, ठोकलेलेही नको. वरातीत लोक हात लावून बघतील. मला कंपनीचे असलीच पाहिजेत."

"असली आता कुठं मिळायलेत, साहेब?"

"कुठूनही आण. आठ दिवसांत आण. तुझं शेड रस्त्याच्या जागेत आहे, विसरू नको."

शेवटचं वाक्य मी हसत म्हणालो होतो. तो हसला नाही.

आठव्या दिवशी दरवाजे आले. अस्तराचा राखाडी रंग आधीच मारलेला होता. पत्रा एकदम निरोगी. डाव्या दरवाजाला आतून दोन भोकं दिसली. मी विचारलं, "ही कसली?"

"बुजवतो ना, साहेब," एवढंच तो म्हणाला.

दरवाजे कुठून आणले, हे मी विचारलं नाही. त्यावर पांढरा रंग चढला, वरात थाटात निघाली, लोकांनी गाडीसोबत फोटो काढून घेतले.

पंधराएक दिवसांनी एक निवृत्त शिक्षक ठाण्यात आले. स्वच्छ इस्त्रीचा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. "जय भीम साहेब," म्हणून बसले. मुलीच्या बाळंतपणासाठी ते परभणीला महिनाभर गेले होते. परत आले तर घरामागच्या शेडमधल्या, माझ्यासारख्याच गोल पाठीच्या मोटारीचे पुढचे दोन्ही दरवाजे गायब. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची. भाऊ डॉक्टर होते आणि त्याच गाडीतून वस्त्यावस्त्यांवर औषध घेऊन जायचे. ते वारल्यावर गुरुजींनी गाडी पुन्हा उभी करायचं मनावर घेतलं होतं.

"ओळखण्याची काही खूण?" मी विचारलं.

"आहे ना. डाव्या दरवाजाला आतून दोन भोकं आहेत. दादानं औषधाची बॅग अडकवायला तिथं हूक बसवला होता."

मी ते वाक्य ठाणे अंमलदाराला फिर्यादीत लिहायला सांगितलं. माझा आवाज बदलला नाही. जुन्या गाड्यांना भोकं असतातच, असं मनाशी म्हणालो. माझी गाडी ठाण्यामागच्या क्वार्टरपाशी उभी होती. जाऊन बघणं दोन मिनिटांचं काम होतं. मी गेलो नाही.

चार दिवसांनी आमच्या जुन्या हवालदाराला खबर लागली. वडीगोद्रीच्या एका चहावाल्याने डेंटरला गोधडीत गुंडाळलेले दरवाजे पिकअपमधून उतरवताना पाहिलं होतं. हवालदाराने बाजाराच्या दिवशी, सगळ्यांसमोर, डेंटरला जीपमध्ये घालून आणलं.

मी सगळ्यांना बाहेर पाठवलं, दार लावलं आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, "दरवाजे कुठे आहेत?"

त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "तुम्हाला म्हाइत न्हाई का, साहेब? तुमच्याच गाडीला हायेत."

मी त्याच्या कानाखाली वाजवली. खोटं बोलणाऱ्या आरोपींवर मी हात उचललेला आहे आणि त्याचाही मला अभिमान नाही. पण हा माणूस खरं बोलला होता. ते खरं आहे हे मला कळलं, म्हणूनच मी मारलं.

गालावर हात ठेवून तो म्हणाला, "दुसऱ्या माणसाकडून गुरुजींला इकत मागितले व्हते. न्हाई म्हणले. तुम्ही तर आठ दिवस दिल्ते. शेड गेलं तर लेकरं काय खातील? मंग आणले. माझी चूक हाय, मी न्हाई म्हणत न्हाई. पण मी तर पत्रा ठोकून देतो म्हणलो व्हतो."

त्याच वेळी दार उघडून हवालदाराला हे सगळं लिहून घ्यायला सांगता आलं असतं. वरिष्ठांना कळवून तपास दुसऱ्याकडे देता आला असता. मला दिसत होती ती वरात, ते फोटो आणि उद्याची वर्तमानपत्रं. मी त्याला म्हणालो, "माझं नाव आलं नाही, तर तुला लवकर सोडवीन."

माझ्या दारात त्याच्याच हातून दरवाजे काढवून घेतले आणि त्याच्या शेडमध्ये नेऊन ठेवले. दुसऱ्या दिवशी पंचांना बोलावून तिथून जप्ती दाखवली. हवालदार पंचनामा लिहीत होता. 'पांढऱ्या रंगाचे दोन दरवाजे' असं लिहून तो थांबला. त्या नव्या पांढऱ्या रंगाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढे लिहू लागला. नंतर सोबत चहा प्यायला तो कधी थांबला नाही.

सुपुर्दनाम्यावर सही करून दरवाजे परत घेताना गुरुजींनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "साहेब, तुमच्यासारखे अधिकारी आहेत म्हणून आमच्यासारख्यांची दाद लागते." मी हात काढून घेतला नाही.

डेंटरने न्यायालयात गुन्हा कबूल केला. पहिलाच गुन्हा म्हणून चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटला. पण चोराकडे गाडी कोण देणार? शेड बंद पडलं आणि तो जालन्याच्या सळया बनवणाऱ्या एका कारखान्यात भट्टीवर लागला.

निवृत्तीनंतर मी त्याचं घर शोधत गेलो. त्याने ओळखलं, खुर्ची दिली, बायकोला चहा ठेवायला सांगितलं. मी म्हणालो, "मी तुझी माफी मागायला आलोय."

त्याने बायकोने आणलेला चहा माझ्यापुढे ठेवला. मग शांतपणे म्हणाला, "हितं घरात मागून काय व्हतंय, साहेब? हितं मला कोणी चोर म्हणत न्हाई. वडीगोद्रीला जाऊन सांगा. जिथून मला जीपमध्ये घाल्तं, तिथं."

चहा घेऊन मी निघालो.

या गुन्ह्याने मला काय शिकवलं? गरजेपोटी वाकडं पाऊल टाकणारा माणूस मी नोकरीत रोज पाहिला आणि त्याला आत घातलं. पण त्याला तिथवर ढकलणारा बहुतेक वेळा ठाण्याची पायरी चढत नाही, आणि चढलाच तर खुर्चीवर बसतो. हे मला उशिरा कळलं.

वडीगोद्री माझ्या घरापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर आहे. मी अजून गेलेलो नाही. त्याऐवजी हे लिहायला बसलो, आणि यातही मी कोणाचं नाव लिहिलेलं नाही. माझंसुद्धा.