एडनच्या आखातातली पंगत

आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेला पहिला माणूस मी. गाव पालीच्या आतल्या बाजूला, भातशेतीचं. बी.कॉम. झालो आणि क्रूझ जहाजावर भांडी घासायला लागलो. घासायची लाज नव्हती, पण आईने गावभर सांगून ठेवलं होतं की पोरगा जहाजावर पाहुण्यांचं बघतो. तिचं बोलणं खरं करायचं तर डायनिंग हॉलमध्ये वेटर व्हायला हवं होतं. मुंबईहून युरोपकडे निघालेल्या फेरीत मला एकदाचं हॉलमध्ये चाचणीवर घेतलं. फेरीच्या शेवटी सुपरवायझर हो म्हणाला तर काळं जाकीट, नाही म्हणाला तर परत भांडी.

सुपरवायझर फिलिपिनो, नुकत्याच इस्त्री केलेल्या रुमालासारखा माणूस. त्याची माझ्याबद्दल एकच तक्रार. पाहुणा 'नको' म्हणाला की वेटरने मागे सरायचं, आणि मी सरत नव्हतो. मी लहानपणापासून देवळातल्या भंडाऱ्यात वाढायला उभा राहिलेला. आमच्याकडे पहिलं 'नको' धरतच नाहीत. एका जर्मन आजोबांना आग्रहाने बटाटे वाढले तेव्हा त्याने मला पडद्यामागे नेऊन शेवटची ताकीद दिली.

माझा खोलीतला जोडीदार श्रीवर्धनकडचा. बाप, चुलते सगळे गल्फला, हा कर्मचाऱ्यांच्या मेसमध्ये स्वयंपाकी. तो म्हणाला, "पदवीधर, तुला न्हाय जमायचं. वेटर नुसती प्लेट ठेवतो. तू माणसाला जेवायला घालतोस."

एडनच्या आखातात शिरलो तसं समुद्री चाच्यांच्या भीतीने जहाजाचं रूप पालटलं. कठड्याला पाण्याचे पाईप बांधले, काळोख पडला की खिडक्यांचे पडदे बंद. मागच्या डेकवर जुन्या युनिफॉर्ममध्ये टॉवेल कोंबून बुजगावणी उभी केली, लांबून पहारेकरी वाटावेत म्हणून. जोडीदार एकाला रोज गुड मॉर्निंग करायचा. म्हणाला, उलट बोलत नाही असा हा एकच साहेब आहे. वर पाहुण्यांपुढे मात्र हसरा चेहरा आणि घडी न मोडलेला नॅपकिन.

मग एका दुपारी सूप वाढून होतंय तोच भोंगा झाला. सराव नव्हता. वेगाने होड्या येत होत्या. पाहुण्यांना खिडक्यांपासून दूर, आतल्या कॉरिडॉरमध्ये जमिनीवर बसवायचं होतं. एक कॉरिडॉर माझ्याकडे आला. कुणीही उठता कामा नये, सुपरवायझर मला बजावून पुढच्या कॉरिडॉरकडे धावला.

पण एक टकले गृहस्थ सारखे उठायचे. टोकाला खिडकी होती, त्यांना मोबाईलवर शूटिंग करायचं होतं. ते उठले की मागोमाग आणखी चौघं. त्यांची बायको रडत होती. कुणाला काही झालं असतं तर जाकीट राहो, तोंड दाखवायला जागा नसती.

मी नीट बघितलं. भिंतींना पाठ लावून दोन रांगा, समोरासमोर, मांड्या घातलेल्या. मध्ये लाल गालिचा. माझे हात आपोआप बादली शोधायला लागले.

भोंग्याबरोबर मोठ्या किचनमधली आच बंद झाली होती, पण खाली मेसमध्ये आमचा वरण-भात शिजून तयार होता. भिंतीवरच्या फोनवरून जोडीदाराला गाठलं.

"पंगत बसलेय. वाढायला काय हाय?"

तो म्हणाला, "पानं किती?"

"कॉरिडॉरभर."

"आलो."

मागच्या जिन्याने तो आणि मेसमधले दोघे आले. शॅम्पेन गार करायच्या चकचकीत बादल्यांमध्ये वरण, ट्रेमध्ये भात, काखेत ताटांची चळत. मी पाहुण्यांना इंग्रजीत ठणकावून सांगितलं, आमच्याकडे शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत पंगतीतून उठत नाहीत, उठणं म्हणजे शेजाऱ्याचा अपमान. टकले गृहस्थ उठायच्या बेतात होते, पण त्यांच्या मांडीवरच्या ताटात वरण पडलं होतं. बसले.

मग मी सुटलोच. वाकून, पळत, भात घ्या, वरण घ्या. जर्मन आजोबांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, थेट आमच्या गावच्यासारखे, कुणी न शिकवता. मी बोटांच्या फटीतून भात घातला. सगळी रांग हसली, रडणारी बाईसुद्धा, आणि मग ज्याला त्याला ताटावर हात धरायचा होता.

तेवढ्यात कप्तानाची घोषणा झाली. होड्या मासेमारांच्या होत्या. जहाज जाळ्यावरून जाईल म्हणून धावत आले होते. जोडीदार म्हणाला, "माझा मामा पन जाळ्यासाठी असाच धावला असता."

सुपरवायझर आला आणि म्हणाला, हॉल तयार आहे, चला. कुणी उठेना. टकले गृहस्थ त्याला बोट दाखवून दबक्या आवाजात म्हणाले, "बसा. आजोबांचं व्हायचंय." त्याने बादल्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पँटची इस्त्री सांभाळत खाली बसला. मी त्यालाही वाढलं.

जाकीट त्याने फेरी संपायची वाट न बघता स्वतः आणून दिलं. हॉलमध्ये हॉलसारखं वागायचं, म्हणाला, आणि पाहुणे जमिनीवर बसले की तुला ठाऊक आहे तसं.

पुढच्या बंदरात आईला फोन करून सगळं सांगितलं. होड्यांबद्दल तिने काहीच विचारलं नाही.

"वरणावर तूप होतं ना?"

म्हटलं, नव्हतं.

"मंग ती कसली पंगत?"