सासूबाईंची टेकडी

भराव मॅडम नेमकं काय करतात हे त्यांच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. नवरा दातांचा डॉक्टर. खुर्चीतल्या पेशंटने बायकोची चौकशी केली की तो म्हणे, "मी खड्डे बुजवतो, ती ढिगारे घालते." पेशंटचं तोंड आ वासलेलं असल्यामुळे हसायची सक्ती नव्हती. सासूबाई त्याहून थोडक्यात आटपायच्या. "माती टाकते," एवढंच. एवढं शिकून, चष्म्याचा नंबर वाढवून घेऊन शेवटी काय, तर माती टाकते, हे त्या सुरात न बोलता यायचं.

मॅडम मातीचे भराव आखायच्या. शहराच्या कडेने अतिवेगवान रेल्वेचा मार्ग जाणार होता. त्याच्या रुळांखालचा भराव किती उंच हवा, बाजूचा उतार किती तिरका, माती कुठल्या खाणीतली, तिच्यावर पाणी किती मारायचं आणि रोलर किती वेळा फिरवायचा, हे सगळं त्या ठरवायच्या. साध्या गाडीला रूळ थोडाफार दबला तरी चालतं, ती खडखडत निघून जाते. ही गाडी मात्र भलतीच नाजूक तब्येतीची. रूळ नखभर खचला तरी तिचं बिनसायचं. म्हणून रूळ टाकायच्या आधीच खालच्या जमिनीला जेवढं दबायचं आहे तेवढं दबून घेऊ द्यायचं, हा मॅडमच्या धंद्यातला पहिला नियम.

आता शहराबाहेरचा एक पट्टा होता दलदलीचा. वरून कोरडा, आत नुसता चिखल. त्यावर मॅडमनी भराव घातला आणि भरावावर आणखी मातीचा डोंगर रचायला सांगितला. त्या वजनाने चिखलातलं पाणी पिळून निघतं, जमीन खाली बसते, आणि बसायची थांबली की वरची जादा माती काढून न्यायची. ठेकेदाराने हे शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, म्हणजे ट्रकने माती आणायची, ठेवायची, बघत बसायचं आणि परत न्यायची? मॅडम म्हणाल्या, बरोबर समजलात. ठेकेदाराने बाहेर जाऊन मॅडमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि ट्रक सांगितले.

हे शहर इतकं सपाट की तिथे जन्माला आलेल्या सायकलीला उतार म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. पाण्याची टाकी सोडली तर त्या ढिगाऱ्याइतकं उंच गावात काहीच नव्हतं. सुरुवातीला लोकांनी धुळीच्या नावाने बोंब मारली. वाळत घातलेल्या चादरी विटकरी झाल्या, दुकानदारांनी शटरं अर्धी ओढून घेतली. मग एक पावसाळा गेला, ढिगाऱ्यावर गवत आलं, कुंपणाच्या जाळीला एका कोपऱ्यात माणूसभर भोक पडलं आणि धुळीची तक्रार हळूहळू बंद झाली. ती का बंद झाली याचा विचार मॅडमनी केला नाही. तक्रार बंद झाल्यावर तिची कारणं शोधायला इंजिनिअर काही वेडा नसतो.

ढिगाऱ्यातून ठिकठिकाणी लोखंडी दांड्या वर आल्या होत्या. मूळ जमिनीवर एक जाड पत्रा ठेवायचा, त्याला दांडी जोडायची, भराव चढत जाईल तसा दांडीला स्क्रूसारख्या आट्यांवर पुढचा तुकडा बसवत जायचं. शेवटी टोक वर राहतं. सर्व्हेयर येऊन त्या टोकाची उंची मोजायचा. टोक जेवढं खाली, तेवढी जमीन बसली. हिशोब सरळ होता आणि कित्येक महिने दांड्याही सरळ वागत होत्या.

मग मधली एक दांडी वर यायला लागली.

सर्व्हेयरने पुन्हा मोजलं. पुढच्या फेरीत आणखी वर. मोठ्या साहेबांनी मॅडमना बोलावून घेतलं आणि खाली मातीच आहे ना, की खायचा सोडा घातलाय, असं विचारलं. मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. कडेची जमीन फुगली असती तर एक वेळ समजलं असतं, चिखल बाजूला सरकतोय आणि ढिगारा कोसळायच्या बेतात आहे. पण ही दांडी बरोब्बर मध्ये, जिथे चिखल सगळ्यात जाड. एवढं ओझं डोक्यावर घेऊन जमीन वर कशी येईल? मॅडमनी सगळी गणितं पुन्हा मांडली. जेवताना त्या ताटात बोटाने आकडे काढायला लागल्या. नवऱ्याने रजा घे म्हणून सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, सकाळी फिरायला जात जा, मी बघ कशी ठणठणीत आहे.

शेवटी एका पहाटे मॅडम एकट्याच साइटवर गेल्या. त्यांना बघून राखणदाराची पाचावर धारण बसली. आज सुट्टी आहे, वर काही नाही, चिखल फार आहे, असं एका दमात सांगून तो त्यांच्या वाटेत उभा राहिला. त्याला बाजूला सारून मॅडम वर चढल्या.

वर बायकांची बैठक भरली होती. थर्मास होता, बिस्किटं होती, कुणी गवतावर आडवं झालं होतं. आणि मधोमध त्यांच्या सासूबाई दांडीचं टोक दोन्ही हातांनी धरून जात्यासारखं गरागरा फिरवत होत्या.

"आई, काय करताय?"

"खांद्याचा व्यायाम," सासूबाई फिरवणं न थांबवता म्हणाल्या. "सांगितलाय मला. आधी अगदी घट्ट होता, हलायला तयार नव्हता. आता छान सैल झालाय."

"खांदा?"

"दोन्ही."

उलट्या बाजूने रोज फिरवून सासूबाईंनी दांडीचे आटे सोडवत आणले होते. जमीन बिचारी खाली जात होती तशीच जात होती, टोक मात्र खांद्याच्या जोरावर वर चढत होतं. इतक्या दिवसांची गणितं, ताटातले आकडे, सगळं मॅडमना आठवलं आणि त्यांना इतकं हसू लोटलं की बायकांनी घाबरून थर्मासमधला चहा पुढे केला.

ऑफिसातल्या बैठकीत मात्र हसू आलं नाही. दांडीचे आटे सुटल्यामुळे मोजणी चुकली, एवढं सांगून मॅडम बसणार होत्या. साहेबांनी विचारलं, आपोआप सुटले?

"नाही. फिरवले."

"कोणी?"

"माझ्या सासूबाईंनी."

ठेकेदार एकदम छताकडे बघायला लागला. त्यांना आत कोणी सोडलं, असं साहेबांनी राखणदाराला विचारलं. राखणदार म्हणाला, त्या विचारत नाहीत, सांगतात. सासूबाई सरकारी दवाखान्यात मेट्रन होत्या, त्यांच्या नुसत्या चपलांच्या आवाजाने वॉर्ड सरळ झोपायचा. राखणदाराचा पाय मोडला तेव्हा तो त्याच वॉर्डात होता. त्याला अजूनही त्यांच्यासमोर आडवं उत्तर सुचत नसे.

साहेबांचं म्हणणं, ती एक दांडी सोडून द्या, बाकीच्या सांगतायत जमीन बसली, ढिगारा काढायला घ्या. वरून रोज विचारणा होत होती. मॅडमनी नकार दिला. चिखल सगळ्यात जाड तिथेच, आणि तिथलंच माहीत नाही. दांडी पुन्हा घट्ट करायची, मोजणी नव्याने सुरू करायची, आणि दांडी खाली जायची थांबेपर्यंत मातीला हात लावायचा नाही.

"सासूमुळे रेल्वे अडली असं वर सांगू मी?" साहेब म्हणाले.

"दांडी सैल झाली असं सांगा. खोटं नाही त्यात काही."

साहेबांनी हात टेकले. दांडीभोवती पिंजरा बसला. सासूबाईंना तो अपमान फार लागला. रागावून त्यांनी खांदा दुसरीकडे न्यायचं ठरवलं आणि उरलेला वेळ पहाऱ्याला दिला. दुसऱ्या एका दांडीला बकरी बांधणाऱ्याला पिटाळलं, तिच्यावर शर्ट वाळत घालणाऱ्या रोलरवाल्याला मेट्रनच्या आवाजात असं झापलं की त्याने ओला शर्ट तसाच अंगात चढवला. रात्री जेवताना त्या विचारायला लागल्या, "आज किती बसली?" लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मॅडमच्या कामाबद्दल घरात कुणी पहिल्यांदाच काही विचारत होतं. मॅडम भात गार होईपर्यंत सांगत बसायच्या. नवरा दोघींकडे आळीपाळीने बघायचा, वाढून घ्यायचा.

दांडी हळूहळू खाली गेली, मग रेंगाळली, मग कित्येक आठवडे जागची हलली नाही. मॅडमनी आनंदाने घरी जाहीर केलं, बसली. आता वरची माती काढणार.

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. "म्हणजे टेकडी?"

त्यानंतर घरात बोलणं बंद झालं. माती काढायची मशीन आली त्या सकाळी सगळ्या बायका घडीच्या खुर्च्या घेऊन माथ्यावर बसल्या होत्या. मशीनवाल्याने इंजिन बंद करून विडी पेटवली. साहेबांनी मॅडमना फोन केला की हा तुमच्या घरचा प्रश्न आहे, घरातच मिटवा.

मॅडम वर गेल्या आणि सासूबाईंच्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. मग मॅडमनी समजावलं की माती काढली नाही तर रूळ टाकायला जागाच नाही, ती आणली होती तीच मुळी काढण्यासाठी.

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या. "तू सांगितलंयस ना सगळं." त्यांनी समोर हात केला. "सगळी नोकरी वॉर्डात गेली माझी. खिडकीतून समोरची भिंत दिसायची. घरी आले की शेजाऱ्यांची गच्ची. एवढं लांब मी जन्मात कधी पाहिलं नव्हतं गं."

मॅडमनी पाहिलं. पाण्याची टाकी, तिच्यामागे वस्ती, वस्तीपलीकडे शेतं, आणि शेतांच्या टोकाला आभाळ. इतक्या वेळा इथे येऊन त्यांनी फक्त दांड्यांची टोकं पाहिली होती.

वस्तीच्या बाजूला गाडीचा आवाज अडवायला सिमेंटची भिंत उभी राहणार होती. मॅडम ऑफिसात गेल्या आणि भिंत खोडून तिथे टेकडीच्याच मातीचा लांबलचक बांध आखायला बसल्या. मातीचा बांधसुद्धा तितकाच आवाज अडवतो, हे त्यांनी गणिताने दाखवलं. रुळांपासून तो बराच लांब, घट्ट जमिनीवर ठेवला, नाहीतर त्याच्या वजनाने शेजारचा भराव पुन्हा दबायचा. माती दूर वाहून न्यायला नको म्हटल्यावर ठेकेदाराला मॅडम एकाएकी फार हुशार वाटायला लागल्या. साहेबांनी सही केली, कारण भिंतीवरून त्यांची आधीच तीन खात्यांशी भांडणं चालू होती. सासूबाईंनी आराखडा नीट पाहिला आणि शेरा दिला, "बुटकाच आहे. आणि एवढ्या लांब कशाला?" पण दुसऱ्या दिवशी माथ्यावरून खुर्च्या खाली आल्या.

चाचणीची गाडी धावली त्या दिवशी बांधावर निम्मं शहर जमलं होतं. सासूबाई चष्मा पुसत होत्या तेवढ्यात गाडी गेली.

"गेली?"

"गेली."

"मग एवढी बोंब कसली चालली होती?"

मॅडमनीही गाडी पाहिली नव्हती. त्यांची नजर दलदलीवरच्या त्या तुकड्यावर खिळली होती. तिथे काहीच झालं नाही. थोड्या वेळाने साहेबांचा फोन आला. दलदल कधी ओलांडली ते ड्रायव्हरला कळलंसुद्धा नाही म्हणाले, आणि ठेवून दिला. यापेक्षा मोठं कौतुक या धंद्यात मिळत नाही.

गर्दी पांगली. उतरताना सासूबाईंनी सुनेचा दंड घट्ट धरला. उतार फार तिरका आहे म्हणाल्या. मॅडम म्हणाल्या, आई, तो मीच काढलाय, अगदी बरोबर आहे.

"तुझ्या मातीसाठी असेल," सासूबाई म्हणाल्या. "माझ्या गुडघ्यांचं काय? पायऱ्या कर. आणि कठडाही लाव एका बाजूने."

मॅडमनी दुसऱ्याच दिवशी पायऱ्या आखल्या. कठडा मात्र त्यांनी पक्का वेल्डिंग करून घेतला.